शुल्क २५ टक्के, मग भाववाढ किती?

प्रश्न: आमचा सायकली जोडून विकण्याचा छोटा व्यवसाय आहे. फ्रेम, गिअर, ब्रेक, चेन, पेडल हे भाग परदेशातून मागवतो. टायर, सीट आणि किरकोळ सामान देशातलंच घेतो. महिन्याला साधारण १०० सायकली जातात, सहा कामगार आहेत. आता आयात भागांवर २५ टक्के जादा शुल्क लागू होतंय. धाकटा भाऊ म्हणतो, सरळ भाव २५ टक्क्यांनी वाढवू. मला वाटतं गिऱ्हाईक तुटेल, त्यापेक्षा वर्षभर आपणच सोसू. परदेशी पुरवठादार म्हणतो, सहा महिन्यांचा माल आत्ताच उचला. माल सोडवणाऱ्या एजंटाने तर बिलात किंमत कमी दाखवायचं सुचवलंय. एक कामगार कमी करावा का, हाही विषय घरात निघाला. वॉशिंग मशीन आत्ताच घेऊन ठेवायचं का, असं पत्नी विचारते. आणि काही जण तर सांगतात की शुल्क परदेशी कंपनी भरते. मग झळ आम्हाला का?

उत्तर:

नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेऊ. शुल्क आयातदार भरतो, म्हणजे तुम्ही. माल बंदरात उतरला की ज्याच्या नावावर आयातीचे कागद आहेत त्याने कस्टम्सकडे रक्कम भरायची, मग माल सुटतो. परदेशी कंपनीचा त्यात थेट संबंध नाही. फार तर ती आपला दर उतरवून थोडा भार उचलू शकते. उचलते का? अमेरिकेने २०१८-१९ मध्ये चिनी आणि इतर मालावर शुल्कं लावली, तेव्हाच्या आयातीच्या नोंदी अर्थतज्ज्ञांनी तपासल्या. परदेशी विक्रेत्यांनी शुल्क धरण्याआधीचे दर जवळपास होते तसेच ठेवले होते, त्यामुळे बंदरावरचा भार जवळजवळ सगळा अमेरिकी आयातदारांवर पडला. पोलाद हा ठळक अपवाद. तिथे परदेशी कारखान्यांनी काही काळाने दर बऱ्यापैकी खाली आणले. दुकानातल्या किमती मात्र त्या मानाने कमी वाढल्या, कारण बऱ्याच दुकानदारांनी आपल्या नफ्यातून काही भाग भरला. तुमचा आणि भावाचा वाद नेमका याच जागेवर आहे. किती सोसायचं आणि किती पुढे ढकलायचं?

दोघंही अंदाजाने बोलताय. आधी एका सायकलीचा हिशेब मांडा.

विक्री किंमत १०० धरू, विक्री कर सोडून. आयात भागांचं परदेशी बिल ३०, जहाजभाडं आणि विमा ३, देशातले भाग १४, मजुरी १८, जागेचं भाडं, वीज, हिशेबनीस वगैरे १५, आणि पॅकिंग, पोहोचवणं, वॉरंटीतली दुरुस्ती मिळून १०. बेरीज ९०, उरले १०. हे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला. रीत बदलत नाही.

शुल्क बसतं ते कस्टम्सने मान्य केलेल्या आयात मूल्यावर. तुमच्या विक्री किमतीशी त्याला देणंघेणं नाही. बऱ्याच देशांत हे मूल्य भाडं-विम्यासकट धरतात, अमेरिकेत ते वगळून. भाडं-विम्यासकट धरलं तर ३३ वर २५ टक्के म्हणजे ८.२५, वगळून धरलं तर ३० वर ७.५०. आपण जास्तीचा आकडा घेऊ. २५ टक्के शुल्काने तुमच्या सायकलीमागे खर्च वाढला सव्वाआठ. भावाचं ऐकून किंमत १२५ केलीत तर त्यातले पावणेसतरा शुल्काचे नाहीतच, ते तुम्ही आपणहून चढवलेले असतील, आणि शेजारच्या दुकानात तीच सायकल ११० ला दिसली की गिऱ्हाइकाला हे कळायला वेळ लागत नाही. उलट तुमचं ऐकून भाव १०० च ठेवला तर १० चा नफा १.७५ वर येतो.

आता महिन्याचा हिशेब. मजुरी आणि भाडं-वीज मिळून ३३. चार सायकली कमी विकल्या म्हणून हा खर्च लगेच कमी होत नाही. १०० सायकलींच्या हिशेबाने तो महिन्याला ३,३०० आहेच. उरलेला ५७ चा खर्च मात्र सायकलीगणिक होतो. शुल्काआधी प्रत्येक सायकल ४३ मागे टाकत होती, म्हणजे १०० सायकलींचे ४,३००, त्यातून ३,३०० गेले, हाती १,०००. शुल्क आल्यावर भाव तोच ठेवला तर सायकल ३४.७५ मागे टाकेल आणि महिनाअखेर हातात राहतील १७५. पूर्वीइतकं कमवायचं तर १२४ सायकली विकायला हव्यात. भाव तोच असताना ही जादा २४ गिऱ्हाइकं येणार कुठून?

भाव १०८.२५ केला तर सायकलीमागे पुन्हा ४३ सुटतात. विक्री १०० वरून ९२ वर आली तरी नफा ६५६. अगदी ८१ वर घसरली तरी १८३, म्हणजे न वाढवता १०० विकून जे मिळणार होतं तेवढंच. थोडक्यात, जवळजवळ पाचातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी भाव वाढवणारा आणि सोसणारा बरोबरीत असतात, आणि वाढवणाऱ्याला १९ सायकली कमी जोडाव्या लागतात. विक्री ७७ च्या खाली गेली तर मात्र तोटा सुरू. म्हणून पहिले तीन महिने दर आठवड्याला विक्रीचा आकडा डोळ्यासमोर ठेवा.

एक अट आहे. हा हिशेब तुमच्या स्पर्धकांनाही तेच शुल्क बसतंय असं धरून आहे. एखादा जण सगळे भाग देशातले वापरत असेल, तर त्याच्या सायकलीसमोर तुमचं १०८.२५ उघडं पडेल. सरसकट वाढ करू नका. मुलांच्या आणि सर्वांत स्वस्त सायकली भावाला फार हळव्या असतात, तिथे ४-५ वाढवा. गिअरच्या आणि मागणीनुसार बनवून दिलेल्या सायकलींवर १०-११. सरासरी सव्वाआठ पडली की झालं. प्रत्येक मॉडेलमध्ये आयात भाग किती टक्के आहेत तेही वेगवेगळं काढा. बहुतेकांकडे हा आकडा नसतो, आणि गिअरच्या सायकलीत तो साध्या सायकलीपेक्षा बराच जास्त निघतो.

वाढ कधी करायची? जुना माल बिनशुल्काचा आहे म्हणून तो संपेपर्यंत थांबावं, असा एक प्रामाणिक विचार असतो. तो तुम्हाला परवडणार नाही. पुढचा कंटेनर सोडवायला लागणारे पैसे याच जुन्या मालाच्या विक्रीतून यायचे आहेत. अर्धी वाढ शुल्क लागू होताना, उरलेली नवा माल दुकानात आल्यावर, असं करा आणि दारावर तारखेसकट लिहून लावा. शाळा-संस्थांच्या घाऊक ऑर्डरींचं वेगळं: तिथे दरपत्रकावर १५ दिवसांची मुदत टाका आणि ‘आयात शुल्क प्रत्यक्ष दराने’ अशी वेगळी ओळ ठेवा. किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलात मात्र अशी ओळ नको. तो ती ओळ काढून टाका म्हणूनच घासाघीस करत बसेल.

आता रोकडीकडे वळू. छोटे व्यवसाय यातच सापडतात आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. १०० सायकलींचा आयात माल ३,३०० चा, त्यावर शुल्क ८२५. हे पैसे माल सोडवताना रोख भरायचे. मग माल दोन महिने गोदामात, जोडणीत आणि दुकानात, आणि घाऊक गिऱ्हाइकाची महिन्याची उधारी. म्हणजे भरलेलं शुल्क तीन महिन्यांनी परत येतं, आणि तोवर पुढच्या दोन महिन्यांचं शुल्कही भरलेलं असतं. कायमचे अडकले २,४७५. तुमचा अडीच महिन्यांचा पूर्वीचा नफा हा असा मालात जाऊन बसतो. त्याचं व्याज वर्षाला १२ टक्क्यांनी महिना जेमतेम २५ होतं. व्याजाने कोणी मरत नाही. २,४७५ उभे करता आले नाहीत म्हणून माल बंदरात पडून राहतो, ते महागात पडतं. बिनभाड्याचे मोकळे दिवस संपले की जागेसाठी डेमरेज आणि कंटेनर अडकवल्याबद्दल डिटेन्शन, दोन्ही दिवसागणिक चढतात. आयातीवर मूल्यवर्धित कर किंवा जीएसटीसारखा कर असेल तर तोही सहसा शुल्क मिळवलेल्या रकमेवर लागतो. नोंदणी असेल तर तो पुढे वळता होतो, पण आधी खिशातून जातो.

म्हणून बँकेकडे माल यायच्या आधी जा. खेळत्या भांडवलाची मर्यादा साधारण २,५०० ने वाढवून मागा आणि सोबत वरचा हिशेब एका कागदावर द्या. कंटेनर बंदरात आल्यावर जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. बऱ्याच देशांत कस्टम्सकडे हमी ठेवून शुल्क काही दिवसांनी किंवा महिन्यातून एकदा भरण्याची सोय असते. तुम्ही त्यात बसता का, एजंटाला विचारा. बॉन्डेड गोदामाचाही मार्ग आहे: माल शुल्क न भरता तिथे ठेवायचा आणि लागेल तसा सोडवायचा. बहुतेक ठिकाणी सोडवण्याच्या दिवशीचा दर लागतो, त्यामुळे दर पुढे वाढला तर तुमचंच नुकसान, आणि गोदामाचं भाडं वेगळं. महिन्याला १०० सायकलींच्या व्यवसायाला ते क्वचितच परवडतं.

पुरवठादाराशी बोलताना सूट आणि मुदत दोन्ही मागा, पण भर मुदतीवर द्या. तुमच्याएवढ्या गिऱ्हाइकाला तो मोठी सूट देणार नाही. निम्मे पैसे माल निघताना द्यायचे होते ते ६० दिवसांनी चालतील, हे मात्र तो मान्य करू शकतो. ३० च्या बिलातले १५ साठ दिवस उशिरा गेले तर महिन्याच्या १०० सायकलींवर ३,००० सतत तुमच्याकडे राहतात. अडकलेलं २,४७५ यातच भागतं. सूट मिळालीच तर ती बिलावर, माल निघण्याआधी लिहून घ्या. ५ टक्के सुटीने ३० चे २८.५० होतात आणि शुल्कही ०.३७५ ने उतरतं, एकूण फायदा १.८७५. तीच सूट माल आल्यानंतर ‘पुढच्या बिलात वळती करू’ अशी दिली तर कस्टम्स सहसा ती धरत नाही आणि शुल्क पूर्ण रकमेवर जातं.

सहा महिन्यांचा माल उचलायचा का? आधी आदेशातली तारीख नीट वाचा. ऑर्डर कधी दिली याला सहसा अर्थ नसतो. माल देशात कधी आला किंवा आयातीचा अर्ज कधी दाखल झाला, त्यावर दर ठरतो. वाटेत असलेल्या मालाला सवलत कधी असते, कधी नसते. समुद्रातून यायला दीड महिना लागणार असेल आणि शुल्क महिन्यात लागू होणार असेल, तर पुरवठादार तुम्हाला फक्त स्वतःचा साठा रिकामा करायला सांगतोय.

तारखेत बसत असेल तर हिशेब असा: व्याज, जागा, विमा, खराबी मिळून माल पडून राहण्याचा खर्च महिन्याला मूल्याच्या अडीच टक्के धरा. २५ टक्के वाचवायला तो दहा महिने ठेवला तरी कागदावर परवडतो. पण ही गोष्ट चेन, ब्रेकचे पॅड, पेडल अशा कायम खपणाऱ्या भागांची. फ्रेमचे रंग आणि आकार बदलतात आणि न खपलेली फ्रेम दहाव्या महिन्यात अर्ध्या किमतीला जाते. आमचा सल्ला, चालू भाग चार महिन्यांचे, फ्रेम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या. सगळेच एकदम माल ओढतात तेव्हा जहाजभाडं आणि गोदामाचे दरही वर जातात, तेही धरा. अमेरिकेत २०२५ च्या पहिल्या तिमाहीत शुल्काच्या धास्तीने आयातीची अशी झुंबड उडाली की त्या तिमाहीचे देशाच्या उत्पन्नाचे आकडे त्यानेच फिरवले. आणि शुल्क उठूही शकतं. अमेरिकेने मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं आणि डिसेंबर २००३ मध्ये ते काढून टाकलं. शुल्क भरलेला महागडा साठा हातात असताना असं झालं तर स्पर्धकाचा ताजा माल तुमच्यापेक्षा स्वस्त असेल. म्हणून शुल्क लागू झाल्यानंतर दीड महिन्याहून जास्त साठा करू नका.

कागदपत्रांत वाचवण्यासारखं बरंच असतं, आणि तेही सरळ मार्गाने. प्रत्येक भागाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या वर्गवारीतला त्याचा क्रमांक, तपासा. पहिले सहा अंक बहुतेक सगळ्या जगात एकच आहेत. सायकलची फ्रेम आणि फोर्क ८७१४.९१, रिम आणि स्पोक ८७१४.९२, ब्रेक ८७१४.९४, पेडल आणि क्रँक ८७१४.९६ मध्ये येतात. चेन मात्र सायकलच्या भागांत नाही, ती रोलर चेन म्हणून ७३१५.११ मध्ये, म्हणजे लोखंड-पोलादाच्या प्रकरणात जाते. घाईत असलेला एजंट सगळा कंटेनर एकाच कोडवर टाकतो, आणि ज्या भागांवर नवं शुल्क नाहीच त्यांच्यावरही तुम्ही ते भरत बसता. उलटही होतं: चेनवर पोलादाचं वेगळं शुल्क असतं आणि तुम्हाला ते दंडासकट नंतर कळतं. शंका असेल तर कस्टम्सकडून आगाऊ निर्णय घ्या. जागतिक व्यापार संघटनेच्या, २०१७ पासून लागू असलेल्या व्यापार सुलभीकरण करारात तशी सोय ठेवलेली आहे. अर्जासोबत भागाचा नमुना, चित्र आणि कशापासून बनला ते द्यावं लागतं. मिळालेला निर्णय कस्टम्सवर बंधनकारक असतो.

याच कोडांचा एक नियम जोडणी करणाऱ्यांना अडकवतो. एका कंटेनरमध्ये सायकलीचे जवळपास सगळे भाग संच करून आले, तर ते सुटे भाग न धरता ‘न जोडलेली पूर्ण सायकल’ धरता येतात, मग कोड ८७१२ आणि दर वेगळा. तुमचे टायर आणि सीट देशातले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. मालाला सायकलीचं मूळ स्वरूप आलंय का, हे पाहिलं जातं. युरोपियन युनियनने चिनी सायकलींवर १९९३ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त दराने येणाऱ्या मालाला आळा घालणारं) लावलं, लोक सुटे भाग आणून जोडू लागले, तेव्हा १९९७ मध्ये ते शुल्क मुख्य भागांवरही आणलं. त्यातही महिन्याला एका प्रकारचे ३०० पेक्षा कमी भाग वापरणाऱ्या छोट्या जुळणीदारांसाठी सवलत ठेवली. अशा सवलती आदेशाच्या शेवटच्या पानांत असतात आणि मागितल्याशिवाय मिळत नाहीत. तुमच्याकडच्या आदेशातही छोट्यांसाठी, ठरावीक वापरासाठी किंवा निर्यातीसाठी काही वगळलंय का, ते एजंटाकडून लेखी मागून घ्या. थोड्या सायकली परदेशी जात असतील तर त्यांतल्या भागांवर भरलेलं शुल्क परत मिळण्याची सोयही बहुतेक देशांत आहे, फक्त कोणता भाग कोणत्या सायकलीत गेला याची नोंद हवी.

दुसऱ्या देशातून माल घ्यायचा विचार डोक्यात येईलच. शुल्क मालाच्या मूळ देशावर ठरतं, माल कुठून निघाला त्यावर नाही. तिसऱ्या देशात खोकं बदललं, लेबल लावलं, दोन स्क्रू आवळले, एवढ्याने मूळ बदलत नाही. नव्या पुरवठादाराकडून मूळ देशाचा दाखला घ्या आणि भाग खरोखर कुठे तयार होतो हे विचारा. गोलमाल उत्तर आलं तर तो व्यवहार सोडा.

एजंटाच्या सूचनेला ठाम नकार द्या. ३० चं बिल १५ दाखवलं तर सायकलीमागे पावणेचार वाचतात. पकडलं गेलं तर बुडवलेलं शुल्क, त्यावर व्याज, दंड, माल जप्तीची शक्यता आणि पुढची काही वर्षं प्रत्येक कंटेनरची तपासणी. कस्टम्सकडे त्याच भागांच्या इतर आयातदारांचे दर असतात. निम्मा दर लगेच उठून दिसतो. कागदावर सही तुमची, जबाबदारीही तुमची. पुरवठादाराने ‘शुल्कासकट दारात पोच’ असा आकर्षक दर दिला तरी आयातदार म्हणून नाव कोणाचं आणि मूल्य किती दाखवलंय, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. हे सुचवणारा एजंट बदललेला बरा. तो दुसऱ्या कोणाच्या कागदांतही हेच करत असेल, आणि तिथून माग तुमच्यापर्यंत येतो.

देशातल्या भागांचे १४ तसेच राहतील असंही धरू नका. आयात पेडल महागले की देशी पेडलवालाही भाव वाढवतो, कारण आता त्याला जागा मिळाली. त्यात पोलाद किंवा अॅल्युमिनियमवर शुल्क असेल तर त्याचा स्वतःचा खर्चही वाढतो. शुल्काचा फायदा होतो तो याच लोकांना, आणि देशात भाग बनवणाऱ्याचा कारखाना त्यामुळे तगत असेल तर तोही खराच लाभ आहे. फक्त त्याची किंमत तुमच्यासारखे जोडणारे आणि तुमचं गिऱ्हाईक मोजतात. देशी पर्याय शोधताना पेडलपासून सुरुवात करा, २० जोड घेऊन वापरून बघा. फोर्क आणि ब्रेक सर्वांत शेवटी आणि चाचणीनंतरच. स्वस्त ब्रेकने वाचवलेले दोन वॉरंटीत आणि बदनामीत कैक पटींनी जातात.

कामगाराचा विषय सध्या बाजूला ठेवा. १८ च्या मजुरीने महिन्याचे १,८०० सहा जणांत, म्हणजे एकामागे ३००. शुल्काचा बोजा ८२५. एकाला काढून निम्मं भोकही बुजत नाही आणि हातचा माणूस जातो. शिवाय नव्या सायकली महागल्या की लोक जुनी दुरुस्त करून वापरतात. दुरुस्तीच्या १०० च्या बिलात आयात भाग २० चे असतील तर शुल्क ५ पडतं, नव्या सायकलीतल्या सव्वाआठपेक्षा कमी, आणि पैसे त्याच दिवशी रोख मिळतात. दोघांना दुरुस्तीवर बसवा, जुन्या सायकली घेऊन नीट करून विकणं सुरू करा. सहा महिन्यांनी विक्री ८० च्या खाली स्थिरावलीच, तर मग माणसांचा विचार करा.

आता घर. वॉशिंग मशीनचा दाखला अगदी हाताशी आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं, पहिल्या वर्षी १२ लाख नगांपर्यंत २० टक्के आणि पुढच्या नगांवर ५० टक्के. मशीनच्या किमती साधारण १२ टक्के, म्हणजे नगामागे ८६ डॉलरच्या आसपास वाढल्या. गंमत म्हणजे कपडे सुकवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तोही ९२ डॉलरच्या आसपास महागला, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात आणि कंपन्यांनी वाढ दोन्हींत वाटली. देशातल्या कंपन्यांनीही भाव वाढवले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

दुकानात शुल्कापेक्षा जास्त वाढ दिसते त्याचं एक कारण टक्केवारीचा नफा. १०० चा माल, त्यावर घाऊकवाल्याचे २० टक्के, मग किरकोळवाल्याचे ४० टक्के, किंमत १६८. आता २५ शुल्क मिळून मूळ १२५ झाले आणि दोघांनी तेच टक्के लावले, तर किंमत २१०. शुल्क २५, वाढ ४२. तुम्ही इतर दुकानदारांना सायकली देत असाल तर त्यांच्याशी टक्क्यांऐवजी नगामागे ठरलेल्या रकमेचं बोला, नाहीतर ४० टक्क्यांच्या हिशेबाने तुमचं सव्वाआठ गिऱ्हाइकापर्यंत साडेअकरा होऊन पोहोचेल.

काही शुल्कं टक्क्यांत नसून नगामागे किंवा किलोमागे ठरलेली असतात. नगामागे २० असेल तर १०० च्या वस्तूवर ते २० टक्के आणि ४०० च्या वस्तूवर ५ टक्के. स्वस्त वस्तू घेणाऱ्यावर भार जास्त पडतो. शिवाय कमी कमाईचं घर उत्पन्नातला मोठा वाटा कपडे, भांडी, उपकरणं अशा वस्तूंवर घालवतं आणि सेवांवर कमी, म्हणून त्यांना झळ आधी लागते. तुमच्या स्वस्त सायकलीचा भाव कमी वाढवा म्हटलं, त्यामागे हेही आहे.

तर मशीन घ्यायचं का? चालू मशीन पुढची दोन-तीन वर्षं सहज काढणार असेल तर नको. हे पैसे घरात जितके लागतील त्याहून जास्त ते तुम्हाला पहिल्या कंटेनरच्या शुल्काला लागणार आहेत. मशीन सारखं बंद पडत असेल आणि नव्या शुल्काच्या यादीत वॉशिंग मशीन खरोखर असेल, तर आत्ता घ्या, पण हप्त्याचं व्याज अपेक्षित भाववाढीपेक्षा कमी आहे ना, ते बघून. सुटे भाग मात्र आधी घेऊन ठेवायला हरकत नाही. बेल्ट, पाण्याचा पाइप, गाळणी या वस्तू लागतात थोड्या आणि जागाही खात नाहीत.

परदेशी संकेतस्थळांवरून मुलांसाठी, घरासाठी काही मागवत असाल तर तिथे सर्वांत जास्त जपा. पूर्वी कमी किमतीच्या पार्सलांना बऱ्याच देशांत शुल्क माफ असे, ती सूट आता आक्रसतेय. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद केली. सूट नसली की शुल्काबरोबर कुरिअर कंपनी माल सोडवण्याची स्वतःची ठरावीक फी लावते, आणि छोट्या पार्सलावर ती फी शुल्काहून मोठी निघते. ऑर्डर देतानाच किमतीत शुल्क धरलंय का हे वाचा. धरलं नसेल तर चार वस्तूंची चार पार्सलं करण्यापेक्षा एकच करा. शुल्कासकट किंमत भरूनही कुरिअरवाल्याने दारात पैसे मागितले तर ऑर्डरची पावती दाखवा, विक्रेत्याला लगेच कळवा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पार्सल कुरिअर कंपनीकडेच ठेवायला सांगा.